पट उरतो, डाव जातो

देवळाच्या ओट्यावर कोळशाने रेघा ओढून, खडे मांडून वाघबकरी खेळलेली माणसे आपल्यांत पुष्कळ असतील. रेघा पावसाने धुऊन जातात, खडे कुठेही मिळतात. मग खेळ राहतो कुठे? तो राहतो नियमांत, आणि नियम राहतात माणसाच्या डोक्यात.

ते विसरले म्हणजे काय होते पाहा. प्राचीन इजिप्तमध्ये 'सेनेत' नावाचा ३० घरांचा खेळ होता. १९२२ साली उजेडात आलेल्या तुतनखामेन राजाच्या थडग्यातही त्याचे पट निघाले. पण खेळायचे कसे, हे लिहिलेले कुठेच मिळाले नाही. पट आहे, डाव नाही!

इराकातल्या उर शहराचे नशीब त्या मानाने बरे. तिथल्या राजथडग्यांत लिओनार्ड वूली यांना २० घरांचा पट सापडला. सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीचा. त्याच जातीच्या खेळाची माहिती एका बाबिलोनी लेखनिकाने इ. स. पूर्व १७७ मध्ये मातीच्या पाटीवर लिहून ठेवली होती. ब्रिटिश म्युझियममधले अर्विंग फिंकेल यांनी ती वाचली आणि मुका पट बोलू लागला. दान पडेल तशी सोंगटी पळवायची, वाटेत दुसऱ्याची मारायची. आपल्या सारीपाटाचीच रीत की! दान नशिबाचे, चाल अकलेची.

आता एकदम यंत्रयुगात येऊ. दूरचित्रवाणीचा पडदा नुसता बघत का बसायचे, त्यावर खेळू का नये, असे १९६६ साली अमेरिकेत राल्फ बेअर यांच्या मनात आले. त्यातून १९७२ मध्ये 'ओडिसी' हे घरी खेळायचे यंत्र बाजारात आले. त्याला आवाज नव्हता, गुण मोजता येत नव्हते. पडद्यावर नुसते पांढरे ठिपके. मैदान हवे तर रंगीत प्लास्टिकचा कागद पडद्याला चिकटवायचा! खोक्यात फासे, पत्ते आणि खोट्या नोटाही असत. म्हणजे यंत्र आले, तरी फासे सुटले नाहीत; नियम खेळणाऱ्यांनीच पाळायचे.

त्याच वर्षी अटारी कंपनीत अॅलन अल्कॉर्न यांनी 'पाँग' तयार केला. तिथे गुण यंत्रच मोजू लागले. चेंडू फळीच्या मध्याला लागला तर सरळ, कडेला लागला तर तिरका. १९७७ मध्ये अटारीचे डबी बदलून खेळ बदलणारे घरगुती यंत्र निघाले. नियम डबीत बंद झाले.

यात सोय झाली, भांडणे मिटली. पण ओट्यावरचा पोरगा "आज गडी कमी आहेत, नियम बदलू या" म्हणतो, तेव्हा तोही खेळ रचतच असतो. डबीपुढे तसे म्हणता येत नाही.

म्हणून गुरुजी आणि बाई, एक विनंती. मुलांना आजीआजोबांकडे पाठवा. गावातल्या एकेका खेळाचे नियम विचारून वहीत उतरवायला सांगा. उरचा खेळ एका पाटीने वाचवला. आपला एका वहीने वाचेल.