सरबताच्या बाटलीवरची छाप



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. परीक्षेपुरते ते ठीक आहे. पण दुकानातल्या फळीवर मांडलेल्या बाटल्यांनाही इतिहास असतो आणि तो पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. अशाच एका बाटलीची, खरे म्हणजे तिच्यावर चिकटवलेल्या कागदाची, हकिकत मी आपणांस सांगणार आहे. नवा माल बाजारात आणणाऱ्याला त्या मालाचे नाव, चित्र आणि रंग किती विचाराने ठरवावे लागतात, हे तिच्यावरून चांगले समजते.

बाटली रूह अफजाची. रमजानात इफ्तारच्या दस्तरखानावर ती आपल्यापैकी कित्येकांच्या घरी असते, तेव्हा निराळी ओळख करून द्यायला नको. १९०६ साली हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी दिल्लीत ‘हमदर्द’ नावाचा एक लहानसा दवाखाना सुरू केला आणि दुसऱ्याच वर्षी, १९०७ मध्ये, उन्हाळ्याच्या झळांवर उतारा म्हणून हे सरबत तयार केले. रूह अफजा म्हणजे जिवाला तरतरी आणणारे. पंडित दयाशंकर ‘नसीम’ या लखनौच्या कवीच्या ‘गुलजार-ए-नसीम’ या मसनवीतील एका पात्रावरून हे नाव घेतले असे सांगतात.

आता विचार करा, त्या काळी सरबते काय कमी होती? प्रत्येक हकिमाकडे गुलाबाचे, केवड्याचे, चंदनाचे सरबत मिळेच. गिऱ्हाईक हकिमाला तोंडाने ओळखत असे, त्याच्या हातगुणावर विश्वास ठेवीत असे. तेथे कागद चिकटवायची गरज नव्हती. पण बाटली एकदा दुसऱ्या गावी, तिसऱ्याच्या दुकानात गेली की हकीमसाहेबांचा चेहरा काही तिच्याबरोबर जात नाही. मग चेहऱ्याचे काम कागदाने करायचे. शिवाय घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना वाचता येत होते. नाव कितीही सुंदर असले तरी न वाचणाऱ्याच्या ते काय कामाचे? त्याला चित्र दिसते, रंग दिसतो. आपल्या मराठीत ‘छाप’ हा शब्द यासाठीच रुळला. घोडा छाप, छत्री छाप असे सांगून निरक्षर माणूसही हवा तोच माल मागू शकतो. ‘ट्रेडमार्क’पेक्षा हा शब्द मला कधीही अधिक नेमका वाटतो.

१९१० साली मिर्झा नूर अहमद या चित्रकाराने रूह अफजासाठी अनेक रंगांचे लेबल तयार केले. पण अडचण अशी की एवढे रंगीत काम छापण्याची सोय तेव्हा दिल्लीत नव्हती. तेव्हा ते काम खास व्यवस्था करून आपल्या मुंबईत, पारशी मालकांच्या बोल्टन प्रेसमध्ये छापून घेण्यात आले. त्या काळची रंगीत शिळाछापाई मोठी जिकिरीची होती. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे आणि तोच कागद एकामागून एक त्या सर्व दगडांवरून काढावा लागे. एक रंग जरा सरकला तर पाकळी एकीकडे आणि तिची लाली दुसरीकडे! मुंबईत ही विद्या चांगली रुजली होती. राजा रविवर्मांनी १८९४ साली आपला छापखाना प्रथम मुंबईतच काढला होता. दिल्लीतल्या हकिमाने एका साध्या कागदासाठी एवढ्या दूरवर काम पाठवावे, यातच त्यांचा धंद्याचा वकूब दिसतो. आसपासच्या छापखान्यात एकरंगी कागद छापून त्यांना भागवता आले असते आणि पैसेही वाचले असते.

हकीमसाहेब १९२२ साली वारले. थोरले चिरंजीव अब्दुल हमीद तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे, धाकटे मुहम्मद सईद अवघे दोन वर्षांचे. बेगम राबिया यांनी खचून न जाता कारभार सांभाळला आणि पुढे मुलांच्या हाती दिला. पुष्कळ दवाखाने हकिमाबरोबरच संपतात. हमदर्द टिकले याचे पहिले श्रेय या माऊलीचेच. पण ग्राहकाचा विश्वास एव्हाना माणसावरून बाटलीवर उतरला होता, हेही तितकेच खरे.

कायद्याचे संरक्षण मात्र उशिरा मिळाले. इंग्लंडात १८७६ पासून चिन्हांची नोंदणी सुरू झाली (पहिला क्रमांक एका बिअरच्या कारखान्याच्या लाल त्रिकोणाचा. त्या मालाशी आपल्याला कर्तव्य नाही). हिंदुस्थानात नोंदणीचा कायदा १९४० साली झाला आणि १९४२ मध्ये रूह अफजाची नोंद झाली. पुढे फाळणी आली. हकीम अब्दुल हमीद दिल्लीतच राहिले, धाकटे भाऊ १९४८ साली कराचीला गेले आणि त्यांनी तेथे नवे हमदर्द उभारले. एकाच नावाचे सरबत दोन देशांत, दोन मालकांचे. याचा गुंता २०२२ साली दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचला. पाकिस्तानात तयार झालेल्या बाटल्या अमेझॉनवरून भारतात विकल्या जात होत्या. त्या काढून टाकण्याचा हुकूम झाला.

त्याच वर्षीचा दुसरा दावा विद्यार्थ्यांनी आवर्जून समजून घ्यावा. ‘दिल अफजा’ नावाच्या सरबताविरुद्ध हमदर्दने मनाई मागितली. जानेवारीत एका न्यायमूर्तींनी ती नाकारली. रूह आणि दिल यांतला फरक ज्याला कळतो तो गोंधळणार नाही, असे त्यांचे म्हणणे. डिसेंबरमध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो निकाल फिरवला. सरबत ही काही फार महाग वस्तू नव्हे, ती घेताना माणूस बारकाईने पाहत नाही. ‘अफजा’ हा शब्द दोन्हींत आहे, आणि जीव व हृदय हे शब्द लोक जोडीनेच वापरतात, तेव्हा एकाचे लेबल पाहून दुसरे आठवणे अगदी शक्य आहे, असा त्यांचा विचार. भाषा नीट शिकलेल्या माणसाला न्यायालयातही किंमत असते ती अशी!

हे सारे मी का सांगतो? मालेगाव-भिवंडीच्या मागांवर आपल्या किती कुटुंबांचे आयुष्य जाते, हे आपण जाणता. कोरे कापड विणून गाठी बाहेर जातात, त्यावर रंग दुसरीकडे चढतो आणि छाप तिसऱ्याची पडते. विणणाऱ्याला मीटरमागे मजुरी, छापवाल्याला नाव. आणि इकडे वहीच्या समासात सुरेख वेलबुट्टी काढणाऱ्या मुलाला आपण ‘चित्रे काढून पोट भरते का?’ म्हणून दटावतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांना मुलांना अवश्य बसवा. मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेतून हेच काम शिकलेली माणसे बाहेर पडतात.

ज्यांचा घरगुती मसाल्याचा, अत्तराचा किंवा शिवणाचा धंदा आहे त्यांच्यासाठी थोडे. आज नोंदणी १९९९ च्या कायद्याखाली होते. माल व सेवांचे ४५ वर्ग आहेत. २०१७ च्या नियमांप्रमाणे एकट्या व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास एका वर्गाला ४५०० रुपये शुल्क ठरले. नोंदणी दहा वर्षे चालते, पुढे नूतनीकरण करावे लागते. अर्जापूर्वी तेच नाव आधी कोणी नोंदवले आहे काय, हे नोंदणी खात्याच्या यादीत फुकट पाहता येते. ते घरातल्या नववी-दहावीच्या मुलाकडून पाहून घ्यावे.