विरजण आणि शेजार

नव्या घरी बिऱ्हाड थाटले, देव मांडून झाले, भांडीकुंडी फळीवर लागली, की दुसऱ्या दिवशी ध्यानात येते, घरात विरजण नाही. ते मागावयास कोणाचे दार ठोठवावे? नवीन पनवेलचा इतिहास याच प्रश्नापासून पाहण्यासारखा आहे.

मुंबईची गर्दी कमी व्हावी म्हणून खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता व शिरीष पटेल यांनी मांडली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. (कुलाब्याचे नाव रायगड झाले ते १९८१ साली.) १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला. जुने पनवेल आपल्या जागी राहिले आणि रुळांपलीकडे नवीन पनवेल उभे राहिले.

चाळीच्या दोन खोल्यांत वाढलेल्या नोकरदार कुटुंबांना येथे स्वतंत्र न्हाणीघर, मोकळी हवा आणि झेपेल अशा किमतीत हक्काचे घर मिळाले. त्याचे मोल त्यांनी प्रवासात चुकविले, कारण लोकल पनवेलपर्यंत आली ती १९९८ साली. जुन्या गावात लाइन आळी होती. येथे सेक्टर आले. आकड्याला ओळख नसते. ती दिली बायकांनी. कोणी भोंडला घातला, कोणी भिशी चालविली, कोणी शेजारणीचे मूल शाळेतून आणले, आणि विरजणाची वाटी एका दारातून दुसऱ्या दारात गेली.

पण एक गोष्ट आपल्याकडून राहिली. ज्या जागेला आपण ‘मोकळी’ म्हटले, ती मोकळी नव्हती. तेथे भाताची खाचरे होती, खाडीकाठी मिठागरे होती. आगरी, कोळी व कराडी कुटुंबांचा संसार त्यांवर चालत होता. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासई परिसरात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आपल्या घराच्या इतिहासात हे पानही आहे.

२०१६ साली शहर व भोवतालची गावे मिळून पनवेल महानगरपालिका झाली. कागदावर आपण एक झालो. पण गावठाणातील लग्नात धवलारीण धवळे गाते, ते ऐकावयास आपल्यापैकी कितीजणी गेल्या? आणि आपल्या हळदीकुंकवाचे आमंत्रण सोसायटीच्या फाटकाबाहेर किती वेळा गेले?

घर पैशाने मिळते; शेजार मात्र जाण्यायेण्याने मिळतो. येत्या संक्रांतीला आमंत्रणाची यादी करताना गावठाणातील चार घरे प्रथम लिहावीत, आणि त्यांचे बोलावणे आले तर आवर्जून जावे, एवढीच विनंती.