प्रार्थनागीत (चित्रपटसंगीत)

हिंदी व मराठी चित्रपटांत ईश्वराला उद्देशून, बहुधा समूहाने म्हटलेले गीत. भजनाहून ते वेगळे. भजनात आराध्याचे नाव, रूप, लीला येतात आणि गायकाच्या तयारीला वाव असतो. प्रार्थनागीतातला देव बहुतेक वेळा बिननावाचा, नुसता ‘मालिक’ किंवा ‘दाता’ असतो. आणि त्याची चाल न शिकलेल्या गळ्यालाही पेलावी लागते. बैजू बावरा (1952) मधले मालकंसातले भजन शकील बदायुनी, नौशाद आणि महंमद रफी या तिघांनी मिळून घडवले, याचे कौतुक आजही होते आणि ते रास्तच आहे. पण ते ऐकायचे गाणे आहे. परिपाठाला उभ्या असलेल्या मुलांना ते म्हणता येणार नाही. प्रार्थनागीताची खरी कसोटी मात्र तीच.

पडद्यावरची भक्ती प्रेक्षक किती मनापासून स्वीकारतो, हे प्रभातच्या संत तुकाराम (1936) ने आधीच दाखवले होते. त्यातला एक अभंग शांताराम आठवले यांनी नव्याने लिहिला, केशवराव भोळे यांनी तो बांधला, आणि असंख्य श्रोत्यांनी तो तुकोबांचाच समजून पाठ केला.

या प्रकाराचे मुख्य शिल्पकार वसंत देसाई (1912–75). कुडाळजवळच्या सोनवड्यात जन्मलेले देसाई प्रभातमध्ये उमेदवारी करून व्ही. शांताराम यांच्याबरोबर पुढे राजकमलमध्ये आले. दो आँखें बारह हाथ (1957) ही सहा खुनी कैद्यांची आणि त्यांच्यावर विश्वास टाकणाऱ्या जेलरची गोष्ट. तिची कथा ग. दि. माडगूळकरांची आणि मुळाशी औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा प्रयोग. त्यासाठी भरत व्यास यांनी लिहिलेली प्रार्थना धन मागत नाही, सुटकाही मागत नाही; वाईट करणाऱ्याचेही आपल्या हातून भलेच व्हावे, एवढेच मागते. खुनाची शिक्षा भोगणाऱ्यांच्या तोंडी हे मागणे आहे, म्हणून त्याला वजन येते. देसाईंनी ती भैरवीच्या अंगाने बांधली. स्वर लांब आणि सरळ, हरकती जवळजवळ नाहीत, लता मंगेशकरांच्या आवाजामागे समूह. याच साधेपणामुळे हे गीत चित्रपटगृहातून थेट शाळांत गेले. साने गुरुजींची प्रार्थना जिथे आधीपासून घुमत होती, तिथे एका सिनेमाच्या गाण्याला जागा मिळाली, ही मोठीच गोष्ट होती.

गुड्डी (1971) मध्ये देसाईंनी उलटा प्रवास केला आणि शाळेची प्रार्थनाच पडद्यावर आणली. गुलजार यांचे शब्द, केदारची छाया, वाणी जयराम यांचा आवाज. इतरांना जिंकण्याआधी स्वतःला जिंकता यावे, हे त्यातले मागणे मुलांना कळेल अशा भाषेत आहे आणि मोठ्यांना आयुष्यभर पुरेल असे आहे. त्याआधी, 1966 साली, संयुक्त राष्ट्रसंघात एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी गायलेल्या कांचीच्या शंकराचार्यांच्या ‘मैत्रीं भजत’ या संस्कृत शांतिगीताची चालही देसाईंचीच होती.

हम दोनो (1961) मधली प्रार्थना युद्धाच्या छायेत येते. नास्तिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साहिर लुधियानवींनी तीत दोन धर्मांतली ईश्वराची नावे शेजारी ठेवली आणि सामर्थ्यवानांसाठी सुबुद्धी मागितली. जयदेव यांचे संगीत असलेली ही रचना गळ्याला अवघड आहे, म्हणून ती शाळांत कमी, मैफलीत अधिक ऐकू येते. मराठीत उंबरठा (1982) मधील वसंत बापट–हृदयनाथ मंगेशकर यांची प्रार्थना महिलाश्रमाच्या भिंतींआड घडते. तिच्यातला देव मूर्तीत नाही, तेजात आहे. या प्रकारातली मराठीची ही सर्वांत उंच रचना म्हणावी लागेल.

अंकुश (1986) हा बेकार तरुणांच्या संतापाचा चित्रपट; त्यातली प्रार्थना अभिलाष यांनी लिहिली, कुलदीप सिंग यांनी बांधली आणि पुष्पा पागधरे व सुषमा श्रेष्ठ यांनी गायली. मनातला विश्वास ढळू नये, हे तिचे मागणे.

ही गीते आज इतक्या ओठांवर आहेत की ती कोणी लिहिली, हे म्हणणाऱ्यांना ठाऊक नसते. शाळेत ती म्हणवून घेणाऱ्या शिक्षकांनी आधी एकदा भरत व्यास, गुलजार, अभिलाष आणि वसंत देसाई ही नावे मुलांना जरूर सांगावीत.