मंत्र आणि मात्रा

इंग्लंडमधील दहाव्या-अकराव्या शतकांतील वैद्यकीय पोथ्यांचा अभ्यास आधुनिक काळात पुष्कळ झाला आहे. परंतु अभ्यासकांनी त्या पोथ्यांची आपसांत वाटणी करून घेतली, असेच म्हणावे लागते. पद्यमंत्र साहित्याच्या अभ्यासकांनी उचलले, औषधयोग वैद्यकाच्या इतिहासकारांकडे गेले आणि उरलेले तोडगे लोकविद्येच्या पदरात पडले. ही वाटणी सोयीची खरी. पण मूळ हस्तलिखिताला ती मान्य आहे काय, याचा विचार साहित्यसमीक्षेने तरी करावयास हवा.

या संदर्भात ब्रिटिश लायब्ररीतील दोन पोथ्या महत्त्वाच्या आहेत. पहिली ‘बॉल्डचे वैद्यकपुस्तक’ या नावाने प्रसिद्ध असून तिची उपलब्ध प्रत दहाव्या शतकाच्या मध्याची आहे. हे पुस्तक बॉल्डच्या मालकीचे असून त्याने चिल्ड नावाच्या मनुष्याकडून ते सिद्ध करवून घेतले, अशी नोंद तिच्यातील लॅटिन ओळींत आढळते. दुसरी ‘लाक्नुंगा’, म्हणजे ‘उपचार’. तिला हे नाव दिले ऑस्वाल्ड कॉकेन या संपादकाने. त्याने 1864 ते 1866 या काळात हे सारे वाङ्मय तीन खंडांत प्रथम छापून काढले.

‘लाक्नुंगा’मध्ये एकाएकी उठणाऱ्या तीव्र कळेवर एक उपचार सांगितला आहे. फीव्हरफ्यू ही औषधी, घरात शिरून वाढलेली लाल नेटल आणि वाटेच्या कडेला उगवणारी रुंद पानांची एक वनस्पती, ही तिन्ही लोण्यात उकळावयाची. त्यानंतर मंत्र येतो. टेकडीवरून दौडत येणाऱ्या सामर्थ्यवान स्त्रिया रोग्यावर भाले फेकतात. लोहार शस्त्रे घडवीत बसलेले असतात. आणि मंत्र म्हणणारा आत रुतलेल्या इवल्या भाल्याला बाहेर निघण्याची आज्ञा करतो. मंत्र संपताच पुन्हा गद्य सुरू होते आणि सुरी द्रवात बुडविण्याची सूचना मिळते. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. आपल्या ‘शूळ’ या एकाच शब्दात टोचणारे शस्त्र आणि पोटातील वेदना दोन्ही सामावलेली आहेत. आपल्याकडे जे एका शब्दात मुरून गेले, तेच येथे एका प्रसंगाचे रूप घेते. ज्या दुखण्याला आकार नव्हता त्याला आकार मिळतो, आणि म्हणूनच त्याला ‘बाहेर निघ’ असे म्हणता येते.

त्याच पोथीतील नऊ वनस्पतींचा मंत्र याहून स्पष्ट आहे. त्यात वोडन हा जुना देव सर्पाचे नऊ तुकडे करतो आणि ख्रिस्ताचाही उल्लेख येतो. परंतु खरे लक्ष वेधते ती शेवटची सूचना. मंत्र प्रत्येक वनस्पतीवर तीनदा म्हणावयाचा. पुढे मलम लावण्यापूर्वी तोच रोग्याच्या तोंडात, दोन्ही कानांत आणि जखमेवर म्हणावयाचा. येथे शब्द मात्रेसारखा दिला जातो. त्याचे प्रमाण ठरलेले आहे, वेळ ठरलेली आहे, देण्याची जागाही ठरलेली आहे. मराठीत ‘मात्रा’ वैद्याचीही असते आणि छंदाचीही. त्या पोथीच्या लेखकाला हा द्व्यर्थ सहज पटला असता.

मग वाटणी झाली कोठे? प्राचीन इंग्रजी हस्तलिखितांत पद्यही गद्याप्रमाणेच सलग लिहिले जाई. पद्याच्या ओळी तोडल्या त्या आधुनिक संपादकांनी. एलियट डॉबी याने 1942 साली प्राचीन इंग्रजी काव्याच्या संग्रहात बारा ‘छंदोबद्ध मंत्र’ समाविष्ट केले. त्यांच्या लगतच्या सूचना त्याने सोबत छापल्या. तथापि शेजारचे गद्य उपचार अर्थातच मागे राहिले. उलट, वैद्यकाच्या इतिहासकारांपैकी चार्ल्स सिंगर याला या पोथ्यांत ग्रीक वैद्यकाचे विघटित अवशेष तेवढे दिसले.

मध्ययुगाची स्वतःची सीमारेषा निराळी होती. इसवी सन 1000 च्या सुमाराचा धर्मोपदेशक एल्फ्रिक मंत्रतंत्राचा निषेध करतो, पण औषधीचा निषेध करीत नाही. वनस्पतीवर जादूचा मंत्र न म्हणता ईश्वराच्या शब्दांनी तिला आशीर्वाद द्यावा, असे तो सांगतो. म्हणजे औषधी निःशब्द असावी असे त्यालाही वाटत नव्हते. वाद होता तो शब्द कोणाचा, याविषयी. पुढील शतकांतही शब्द असाच वापरात राहिला. पंधराव्या शतकात यॉर्कशरच्या रॉबर्ट थॉर्नटनने स्वहस्ते उतरविलेल्या ग्रंथात आर्थर राजाच्या मृत्यूचे काव्य, दातदुखीवरील मंत्र आणि औषधयोगांचा संग्रह एकत्र नांदतात.

2015 साली नॉटिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी बॉल्डच्या पुस्तकातील नेत्रलेप सिद्ध करून पाहिला. लसूण, कांद्याच्या कुळातील आणखी एक कंद, मद्य आणि बैलाचे पित्त यांचे हे मिश्रण नऊ रात्री ठेवावयाचे असते. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंवर ते प्रयोगशाळेत प्रभावी ठरले. 2020 च्या पुढील अभ्यासात, थर करून राहणाऱ्या जंतूंवर सर्व घटक एकत्र असल्यासच पूर्ण परिणाम होतो, असे दिसून आले. या वार्तेने पोथीची प्रतिष्ठा वाढली, हे चांगलेच झाले. परंतु या नेत्रलेपात मंत्र नाही, हे विसरता कामा नये. प्रयोगशाळेचा निर्वाळा मंत्राला लागू करणे जितके चुकीचे, तितकेच तो मिळाला नाही म्हणून मंत्राला टाकाऊ ठरविणेही चुकीचे. त्यातून जुन्याच वाटणीला नवे समर्थन मिळेल, इतकेच.

भारतीय अभ्यासकाला येथे तुलनेचा मोह होणे स्वाभाविक आहे, आणि त्याला परंपराही आहे. कॉकेनचा पहिला खंड निघाला त्याच 1864 साली आडाल्बर्ट कून याने मेर्झेबुर्ग येथील जर्मन मंत्राची अथर्ववेदाच्या चौथ्या कांडातील बाराव्या सूक्ताशी तुलना केली. दोन्हींत दुखावलेला अवयव अंशाअंशाने सांधला जातो. कूनपासून विद्वानांनी या साम्यात समान मूळ शोधले. पण अथर्ववेदाचे ते सूक्त भग्न अस्थी सांधणाऱ्या वनस्पतीला उद्देशून आहे. तेथेही शब्द औषधीशी बोलतो, ही गोष्ट मुळाच्या शोधात मागे पडते.

ज्या कवीचे नावही उरले नाही त्याची ही रचना रोग्याच्या अंथरुणाशी, चुलीवर लोणी उकळत असताना, म्हणण्यासाठी होती. ती चूल आणि तो रोगी वगळून आपण तिला काव्य म्हणू लागलो, तर आपल्या हाती राहते ते पान नव्हे, कात्रण. समीक्षेने आधी ते पान अखंड वाचावे. निवड त्यानंतर करावी.