लंडन ब्रिजपासून सूर्यापर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधल्या शाळांत भूगोल म्हणजे मुख्यतः नावांची घोकंपट्टी होती. भूशिरं, उपसागर, नद्या, राजधान्या ओळीने पाठ करायच्या. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असलेला गोल आहे, ही व्याख्याही तशीच तोंडपाठ. १८६२ पासून सरकारी अनुदान वाचन, लेखन आणि गणिताच्या परीक्षेतील निकालावर मिळू लागलं आणि बाकीच्या विषयांना उरलासुरला वेळही कमी झाला. पाऊस कुठून येतो, डोंगर का झिजतो, हे प्रश्न मुलांना पडत नव्हते असं नाही. ते वर्गात विचारण्याची सोय नव्हती.

ही सोय करण्यात दोन शास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे. पहिले स्कॉटिश भूवैज्ञानिक आर्चिबाल्ड गीकी. शाळकरी वयात एडिंबराजवळच्या बर्डीहाउस येथील चुनखडीच्या खाणीत त्यांनी दगडातले जीवाश्म पाहिले आणि तिथूनच त्यांना भूशास्त्राची ओढ लागली. १८७० च्या दशकात मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने मुलांसाठी विज्ञानाच्या छोट्या पुस्तिका काढल्या. त्यांतल्या प्राकृतिक भूगोल आणि भूशास्त्र या दोन गीकींच्या. भूशास्त्राच्या पुस्तिकेत वाळूचा दगड, ग्रॅनाइट आणि खडू यांचे तुकडे हातात घेऊन निरखण्यापासून सुरुवात होते. वाळूच्या दगडात झिजलेले कण दिसतात, ग्रॅनाइटमध्ये एकमेकांत गुंतलेले स्फटिक दिसतात. हा फरक मुलाने स्वतः पाहिल्यावरच खडकांचे प्रकार सांगायचे. गीकींचा आग्रह असा, की पुस्तक हे निरीक्षणाला वाट दाखवण्यासाठी आहे, निरीक्षणाची जागा घेण्यासाठी नाही.

दुसरे टॉमस हेन्री हक्स्ली. डार्विनचे खंदे पाठीराखे म्हणून त्यांचं नाव आजही घेतलं जातं, पण शिक्षणातलं त्यांचं काम त्याहून कमी मोलाचं नाही. १८६८ मध्ये नॉर्विच येथे कामगारांपुढे बोलताना त्यांनी सुतारांच्या खिशात असणारा खडूचा तुकडा हा व्याख्यानाचा विषय केला. सूक्ष्मदर्शकाखाली तो खडू म्हणजे असंख्य सूक्ष्म कवचांची रास दिसतो. अटलांटिकमध्ये तारायंत्राची केबल टाकण्यापूर्वी समुद्रतळावरून काढलेल्या गाळातही तशीच कवचं सापडली होती. म्हणजे इंग्लंडच्या जमिनीखालचा खडू एके काळी समुद्राचा तळ होता. हा निष्कर्ष श्रोत्यांनी पायरीपायरीने आपला आपण काढावा, अशी त्या व्याख्यानाची रचना होती.

पुढल्याच वर्षी लंडनमध्ये तरुण श्रोत्यांसाठी त्यांनी बारा व्याख्यानं दिली. टिपणं काही वर्षं तशीच पडून राहिली आणि १८७७ मध्ये त्यांतून ‘फिजिऑग्रफी’ हे पुस्तक झालं. पुस्तक लंडन ब्रिजवर सुरू होतं. खालचं पाणी कधी समुद्राकडे वाहतं, तर कधी उलट शहराकडे चढतं. असं का? उत्तरासाठी आधी नदीच्या उगमाकडे जावं लागतं, मग झऱ्यांकडे, पावसाकडे, दवाकडे, बर्फाकडे, बाष्पीभवनाकडे आणि हवेकडे. नदीचं नितळ पाणी आटवलं तर भांड्याच्या तळाशी पांढरा थर उरतो. तो पाण्यात विरघळलेल्या खडकाचा, त्यातही बहुतांशी चुनखडीचा. अशा विरघळलेल्या रूपात थेम्स दर वर्षी सुमारे साडेपाच लाख टन खनिज द्रव्य वाहून नेते, असा त्या काळचा हिशेब होता. भांड्यातल्या चिमूटभर थरापासून अख्खं खोरं झिजण्यापर्यंत मुलाचा विचार इथे एका दमात पोहोचतो, आणि पुस्तकाचं सगळं सामर्थ्य या जागी दिसतं. नदी, बर्फ आणि समुद्र जमीन खातात. मग जमीन शिल्लक कशी, या प्रश्नातून ज्वालामुखी, भूकंप आणि जमिनीचं संथ उंचावणं येतं. पृथ्वीचा आकार आणि तिच्या गती थेट अखेरीस येतात. शेवटचं प्रकरण सूर्याचं आहे, कारण थेम्सचं पाणी आकाशात उचलणारी शक्ती त्याची.

ज्या व्याख्येने शाळेत सुरुवात होई, ती हक्स्लींनी मुद्दाम शेवटाकडे नेली. आपल्या परगण्याचा नकाशा वाचता न येणाऱ्या मुलाला लंबवर्तुळाकार कक्षा पाठ करायला लावणं त्यांना निरर्थक वाटे, आणि प्रस्तावनेत त्यांनी ते स्पष्ट लिहिलं. थेम्स हे केवळ उदाहरण आहे, शिक्षकाने आपल्या शाळेजवळची नदी घ्यावी, असंही त्यांनी तिथेच सुचवलं.

पुस्तक खूप खपलं आणि विषय सरकारी विज्ञान-परीक्षांत गेला. तिथेच त्याचं नुकसान झालं. परीक्षेसाठी मार्गदर्शिका निघाल्या, झऱ्यापर्यंत चालत जाण्याऐवजी झऱ्याची आकृती पाठ होऊ लागली. पुढे अमेरिकन भूगोलतज्ज्ञ विल्यम मॉरिस डेव्हिस यांच्या मांडणीने भूरूपांचा अभ्यास वेगळ्या वाटेने गेला, विद्यापीठांत भूगोल आणि भूशास्त्र यांचे विभाग स्वतंत्र झाले आणि ‘फिजिऑग्रफी’ हा एकसंध शालेय विषय मागे पडला. १९०४ मध्ये रिचर्ड ग्रेगरी यांनी हक्स्लींचं पुस्तक सुधारून नव्याने काढलं, तरी विषयाला जुने दिवस आले नाहीत. त्यातली माहिती बरीचशी कालबाह्य झाली आहे. खंड सरकतात हे हक्स्लींना ठाऊक नव्हतं. पण जवळच्या नदीपासून पृथ्वीकडे जाण्याचा त्यांचा क्रम मुलांसाठी आजही योग्य आहे.