नकाशावर वादळ ठेवताना

आपल्या पॉडकास्टमध्ये ‘सॅटेलाइट इमेज’ हे शब्द आपण अगदी सहज वापरतो. पण समजा, मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळाची इन्सॅट-३डी उपग्रहाची मूळ फाइल तुम्ही इस्रोच्या मोसडॅकवरून उतरवून घेतलीत आणि पायथनच्या सॅटपायमध्ये उघडलीत. आत फोटो नाहीच! नुसते आकडे आहेत. प्रत्येक ठिपक्याला ० ते १०२३ मधला एक आकडा, त्या आकड्याचं तापमान सांगणारा तक्ता, आणि तो ठिपका पृथ्वीवर नेमका कुठे आहे याची माहिती. सॉफ्टवेअर या तीन गोष्टी जुळवतं, तेव्हा कुठे कोकणापुढच्या समुद्रात गरगरणारा ढग दिसायला लागतो.

वादळ नकाशावर ‘ठेवायचं’ हे काम तसं जुनंच. ‘सायक्लोन’ हा शब्द घडवला कलकत्त्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी, सापाच्या वेटोळ्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून. १८४८ साली त्यांनी खलाशांसाठी एक पुस्तक काढलं. सोबत शिंगापासून बनवलेले पारदर्शक पत्रे होते, त्यांवर वाऱ्याची वर्तुळं काढलेली. कप्तानाने पत्रा समुद्राच्या नकाशावर ठेवायचा, आपल्या जहाजावरच्या वाऱ्याची दिशा वर्तुळाशी जुळवायची आणि वादळाचा मध्य कुठे असेल ते ताडायचं. वादळ अख्खं कुणालाच दिसत नव्हतं.

ते दिसलं १९६० मध्ये. १ एप्रिलला टायरॉस-१ अवकाशात गेला आणि काही दिवसांतच त्याच्या टीव्ही कॅमेऱ्याने ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या समुद्रातलं एक वादळ टिपलं. पण आता प्रश्न उलटा झाला. ढग दिसतोय, पण तो आहे कुठे? चित्रात किनारा नसेल तर खूण कशाची धरणार? मग उपग्रहाची कक्षा, वेळ आणि कॅमेऱ्याचा रोख यांवरून हिशेब करून चित्रावर अक्षांश-रेखांशांची जाळी बसवावी लागे.

डिसेंबर १९६६ मध्ये एटीएस-१ या भूस्थिर उपग्रहावरून व्हर्नर सुओमी यांचा कॅमेरा एकाच जागेवरून पृथ्वीची पुन्हापुन्हा चित्रं घेऊ लागला. लागोपाठच्या दोन चित्रांत ढग किती सरकला ते मोजलं की वारा कळतो. पण त्यासाठी चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसायला हवीत. आजचा हिशेब करून बघा: ठिपका ४ किलोमीटरचा, दोन चित्रांत अर्ध्या तासाचं अंतर. एका ठिपक्याची चूक झाली की ताशी ८ किलोमीटरचा खोटा वारा तयार! या गरजेतूनच विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथे, सुओमींच्या संस्थेत, १९७३ च्या सुमारास ‘मॅकआयडास’ ही संगणक-प्रणाली उभी राहिली. तिची आजची आवृत्ती तुम्ही मोफत उतरवून घेऊ शकता.

जागा कळली. आता जोर किती? अटलांटिकमध्ये अमेरिकेची विमानं वादळात शिरून मोजतात. आपल्या अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात तशी नेहमीची सोय नाही. इथे आधार व्हर्नन ड्व्होरॅक यांच्या पद्धतीचा. १९७० च्या दशकात त्यांनी ढगांच्या आकारावरून वादळाला १ ते ८ असा ‘टी-क्रमांक’ द्यायची रीत बसवली. ढगांचा पट्टा मध्याभोवती किती गुंडाळला गेलाय, डोळा किती उबदार आणि भोवतालचं कडं किती थंड, हे पाहायचं. टी-५ म्हणजे ताशी साधारण १६७ किलोमीटरचा वारा. पट्टा मोजायला चित्रावर काय ठेवतात, माहितेय? एक पारदर्शक सर्पिल. पिडिंग्टनचा पत्राच म्हणा ना!

म्हणजे बातमीत येणारा वाऱ्याचा वेग बहुतेकदा मोजलेला नसतो, चित्रावरून ठरवलेला असतो. तुमच्यापैकी कुणी ओमानमध्ये असेल तर घरात गोनूची आठवण निघत असेल, जून २००७ ची. भारतीय हवामान विभागाच्या मते त्याचा सर्वाधिक वेग ताशी २३५ ते २४० किलोमीटर. अमेरिकी केंद्राच्या मते सुमारे २७०. ढग तेच. फरकाचं एक कारण असं, की एक सरासरी तीन मिनिटांची आणि दुसरी एका मिनिटाची.

आणि इथेच खरी मेख आहे. ९ जून १९९८ ला गुजरातेत कांडल्याला वादळ धडकलं, हजाराहून जास्त माणसं गेली. त्यानंतर जेमतेम महिन्याभरात, जुलैपासून, युरोपचा मेटिओसॅट-५ हिंदी महासागरावर ६३ अंश पूर्वेला स्थिरावून चित्रं पाठवू लागला. भारताचे इन्सॅट उपग्रह त्याआधीपासून होते, पण जगभरच्या संशोधकांना सहज मिळणाऱ्या संग्रहात आपला समुद्र तोवर दूरच्या उपग्रहांच्या चित्रांत कडेला, तिरपा दिसायचा. तिरप्या चित्रात ठिपका ताणला जातो आणि लहान डोळा ढगांच्या भिंतीआड लपतो. डोळा दिसला नाही, की टी-क्रमांक खाली येतो.

आता कांडला आणि गोनू शेजारी-शेजारी उघडून ‘बघा, वादळं किती वाढली’ असं म्हणायचं का? कदाचित वाढली असतील. अरबी समुद्र तापतोय हे खरंच आहे. पण त्या दोन चित्रांमध्ये वादळाबरोबर उपग्रहसुद्धा बदललाय. म्हणून अमेरिकेच्या नोआ संस्थेत जुन्या वादळांचा संग्रह करताना नव्या, बारीक चित्रांची मुद्दाम ढोबळ प्रत केली गेली: ठिपका सुमारे ८ किलोमीटरचा, चित्र दर तीन तासांनी. हातातली स्पष्टता सोडून द्यायची, कारण १९८० च्या दशकातल्या चित्राशी न्याय्य तुलना तेव्हाच होते.

तेव्हा पुढच्या वेळी अशी फाइल उघडलीत, की रंग चढवण्याआधी तीन गोष्टी वाचा: उपग्रह कोणता, तो कुठल्या रेखांशावर होता आणि तारीख काय. तुमच्या गावापुढच्या समुद्राबद्दल कुणी विचारलं, तर उत्तर तिथून सुरू करा.