तिसरे सुवर्ण की साडेचार गिरक्या?

हिवाळी ऑलिम्पिकमधील पुरुषांची एकेरी फिगर स्केटिंग स्पर्धा दोन दिवसांत आटोपते. तिची प्रतीक्षा मात्र चार वर्षे सुरू असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये बीजिंग येथे झालेल्या स्पर्धेकडे जपानच्या युझुरू हान्यू यांचे चाहते दोन अपेक्षांनी पाहत होते. हान्यू यांनी सलग तिसरे ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकावे, ही पहिली अपेक्षा. अधिकृत स्पर्धेत तोवर कोणालाही न साधलेली क्वाड ॲक्सेल, म्हणजे हवेत साडेचार गिरक्या घेण्याची उडी, त्यांनी पूर्ण करावी, ही दुसरी. या दोन अपेक्षा परस्परांना पूरक नव्हत्या. एकीसाठी जोखीम टाळणे आवश्यक होते, तर दुसरी जोखमीवाचून पूर्ण होणेच शक्य नव्हते.

अपेक्षांची पार्श्वभूमी

हान्यू यांचा जन्म १९९४ मध्ये सेंदाई येथे झाला. ११ मार्च २०११ रोजी पूर्व जपानला भूकंपाचा तीव्र धक्का बसला, तेव्हा ते सेंदाईतील रिंकवर सराव करीत होते. पायांतील स्केट्ससह त्यांना बाहेर धाव घ्यावी लागली. रिंकचे नुकसान झाले आणि त्यांच्या कुटुंबाला काही दिवस निवारा केंद्रात काढावे लागले. त्यानंतर तीन वर्षांच्या आत, २०१४ मध्ये सोची येथे त्यांनी ऑलिम्पिक सुवर्णपदक पटकावले. पुरुष एकेरीत हा मान मिळविणारे ते पहिले आशियाई स्केटिंगपटू ठरले.

नोव्हेंबर २०१७ मध्ये सरावादरम्यान त्यांच्या उजव्या घोट्याला गंभीर दुखापत झाली. तरीही फेब्रुवारी २०१८ मध्ये प्याँगचांग येथे त्यांनी सुवर्णपदक राखले. अमेरिकेच्या डिक बटन यांनी १९४८ आणि १९५२ मध्ये केलेल्या पराक्रमाची ती ६६ वर्षांनंतरची पुनरावृत्ती होती. त्यांची कामगिरी संपताच प्रेक्षकांनी विनी-द-पूह या अस्वलाच्या असंख्य खेळण्यांचा बर्फावर वर्षाव केला. सलग तीन सुवर्णपदकांचा विक्रम मात्र स्वीडनच्या गिलिस ग्राफस्ट्रोम यांच्या नावावर होता. त्यांनी १९२०, १९२४ आणि १९२८ मध्ये ती जिंकली होती.

बीजिंगमध्ये हान्यू यांच्यासमोर अमेरिकेच्या नेथन चेन यांचे आव्हान होते. चेन यांच्या चाहत्यांनाही जुन्या निराशेची भरपाई हवी होती. प्याँगचांगमध्ये शॉर्ट प्रोग्रॅमनंतर चेन सतराव्या स्थानावर फेकले गेले होते. फ्री स्केटिंगमध्ये सर्वाधिक गुण मिळवूनही त्यांना पाचव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले होते. त्यानंतर २०१८, २०१९ आणि २०२१ अशी तीन जागतिक अजिंक्यपदे त्यांनी जिंकली.

ॲक्सेल उडी अवघड का?

नॉर्वेचे ॲक्सेल पॉल्सेन यांनी १८८२ मध्ये व्हिएन्ना येथे प्रथम सादर केलेल्या या उडीला त्यांचेच नाव मिळाले. फिगर स्केटिंगच्या अन्य मुख्य उड्या पाठमोऱ्या घेतल्या जातात. ॲक्सेल मात्र पुढे तोंड करून घ्यावी लागते आणि बर्फावर उतरताना स्केटिंगपटू पाठमोरा असतो. त्यामुळे तिच्यात अर्धी गिरकी अधिक पडते. एका सेकंदाहूनही कमी वेळ हवेत राहून साडेचार गिरक्या पूर्ण करावयाच्या आणि एका पायाच्या पात्यावर तोल सावरावयाचा, असे हे आव्हान आहे.

डिक बटन यांनी १९४८ मध्ये ‘डबल ॲक्सेल’ साध्य केली, तर कॅनडाच्या व्हर्न टेलर यांनी १९७८ मध्ये ‘ट्रिपल ॲक्सेल’. चार गिरक्यांची पहिली मान्यताप्राप्त उडी, ‘क्वाड टो लूप’, कॅनडाच्याच कर्ट ब्राउनिंग यांनी १९८८ मध्ये घेतली. २०१६ पर्यंत ॲक्सेल वगळता चार गिरक्यांच्या इतर सर्व मुख्य उड्या साध्य झाल्या होत्या. त्यांतील ‘क्वाड लूप’ प्रथम घेण्याचा मान खुद्द हान्यू यांचाच होता.

गुणांचा हिशेब

प्रत्येक उडीला मूळ गुण ठरलेले असतात. सादरीकरणाचा दर्जा पाहून पंच त्यांत उणे पाच ते अधिक पाच या श्रेणीत फेरफार करतात. उणे पाच या श्रेणीत मूळ गुणांपैकी निम्मे कमी होतात, तर अधिक पाचमध्ये तेवढीच वाढ होते. पडल्यास आणखी एक गुण वजा केला जातो. गिरक्या अपुऱ्या ठरल्यास मूळ गुणच कमी होतात.

बीजिंग स्पर्धेच्या वेळी क्वाड ॲक्सेलचे मूळ गुण १२.५० होते, तर ट्रिपल ॲक्सेलचे ८. ट्रिपल ॲक्सेलवर हान्यू यांचे असामान्य प्रभुत्व होते. तिच्यासाठी त्यांना सर्वोच्च श्रेणी मिळाली असती, तर १२ गुण हाती आले असते. म्हणजेच मोठी जोखीम पत्करून मिळणारा लाभ तुलनेने अल्प होता. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी क्वाड ॲक्सेलचा प्रयत्न केला, तेव्हा ते दोन्ही पायांवर उतरले होते. विजेतेपद त्यांनी मिळविले. परंतु त्या उडीला तीन गिरक्यांच्या उडीचेच मूल्य देण्यात आले.

८ आणि १० फेब्रुवारी

कोरोना महामारीमुळे बीजिंगमध्ये परदेशी प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. सर्वसामान्यांसाठी तिकीट विक्रीही झाली नाही. हान्यू यांच्या बहुसंख्य चाहत्यांना दूरचित्रवाणीवरच विसंबून राहावे लागले.

८ फेब्रुवारी रोजी शॉर्ट प्रोग्रॅममधील पहिल्याच उडीच्या वेळी हान्यू यांच्या स्केटचे पाते बर्फातील एका खाचेत सापडले. ‘क्वाड सॅल्काव’ऐवजी एकच गिरकी झाली आणि नियमानुसार त्या उडीला शून्य गुण मिळाले. उर्वरित सादरीकरण निर्दोष होते; परंतु ९५.१५ गुणांसह ते आठव्या स्थानावर राहिले. चेन यांनी ११३.९७ गुणांचा विश्वविक्रम नोंदविला. उभयतांत १८.८२ गुणांचे अंतर पडल्याने तिसऱ्या सुवर्णपदकाची आशा जवळजवळ मावळली.

दुसऱ्या दिवशी सरावात हान्यू यांचा उजवा घोटा पुन्हा दुखावला. वेदनाशामक इंजेक्शन घेऊन आपण फ्री स्केटिंगसाठी उतरलो, हे त्यांनी स्पर्धेनंतरच्या पत्रकार परिषदेत सांगितले. १० फेब्रुवारी रोजी त्यांनी सुरुवातीलाच क्वाड ॲक्सेलचा प्रयत्न केला आणि ते पडले. गिरक्याही किंचित अपुऱ्या ठरल्या. त्यानंतरच्या क्वाड सॅल्कावलाही ते पडले. मात्र पुढील सादरीकरण त्यांनी नेटाने पूर्ण केले.

चेन यांनी ३३२.६० गुणांसह सुवर्णपदक जिंकले. जपानच्या युमा कागियामा यांना रौप्य, तर शोमा उनो यांना २९३.०० गुणांसह कांस्यपदक मिळाले. हान्यू २८३.२१ गुणांसह चौथे आले.

पदक कशामुळे हुकले?

क्वाड ॲक्सेलच्या आग्रहामुळे हान्यू यांचे पदक हुकले, असे वरकरणी वाटू शकते. गुणांचा हिशेब तसे सांगत नाही. कांस्यपदकापासून ते ९.७९ गुणांनी दूर राहिले. क्वाड ॲक्सेलच्या प्रयत्नातून, पडल्याचा गुण वजा जाता, त्यांच्या पदरी चार गुण पडले. तिच्या जागी सर्वोत्तम ट्रिपल ॲक्सेलचे १२ गुण मिळाले असते, तरी त्या उडीपुरता फरक आठ गुणांचाच होता. याउलट, शॉर्ट प्रोग्रॅममध्ये वाया गेलेल्या क्वाड सॅल्कावचे मूळ गुणच ९.७० होते. सफाईदार उडीला मिळणारी वाढ त्यांत मिळविल्यास ते अंतर भरून निघाले असते. पदकाच्या आड साडेचार गिरक्यांपेक्षा बर्फातील ती खाच अधिक आली, असे म्हणावे लागेल.

शिवाय तो प्रयत्न निष्फळही ठरला नाही. गिरक्या अपुऱ्या असल्या, तरी पंचांनी ती उडी क्वाड ॲक्सेलचा प्रयत्न म्हणूनच नोंदविली. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील ही अशी पहिली नोंद होय.

१९ जुलै २०२२ रोजी हान्यू यांनी स्पर्धात्मक स्केटिंगमधून निवृत्ती जाहीर करून व्यावसायिक सादरीकरणाचा मार्ग स्वीकारला. दोन महिन्यांच्या आतच, १४ सप्टेंबर २०२२ रोजी, अमेरिकेतील लेक प्लॅसिड येथे १७ वर्षीय इलिया मालिनिन यांनी अधिकृत स्पर्धेतील पहिली यशस्वी क्वाड ॲक्सेल घेतली. पुढे २०२४ मध्ये मॉन्ट्रियल आणि २०२५ मध्ये बॉस्टन येथे ते जागतिक विजेतेही झाले. हान्यू यांच्या चाहत्यांनी वर्षानुवर्षे बाळगलेली आशा अखेर पूर्ण झाली, ती एका वेगळ्याच स्केटिंगपटूच्या हातून.